निल्स-आस्लाक वाल्केआपा : सूर्याच्या लेकरांचा कवी आणि चित्रकार

वाल्केआपा, निल्स-आस्लाक (२३ मार्च १९४३ – २६ नोव्हेंबर २००१). उत्तर फिनलंडमध्ये जन्मलेले सामी कवी, चित्रकार, गायक-संगीतकार आणि आदिवासी हक्कांच्या चळवळीतील एक प्रमुख कार्यकर्ते. त्यांचे लोक त्यांना ‘आय्लोहाश’ या नावाने ओळखत आणि आजही त्याच नावाने त्यांचे स्मरण करतात. नॉर्डिक परिषदेचा साहित्य पुरस्कार मिळवणारे ते पहिले सामी लेखक होत.

ग्रंथालयांच्या याद्यांत त्यांची नोंद पुष्कळदा ‘फिनलंडचे कवी’ अशी सापडते. पारपत्राच्या हिशेबाने ती चुकीची म्हणता येणार नाही. पण ती पुरेशीही नाही. वाल्केआपा यांनी कविता फिनिश भाषेत लिहिली नाही. त्यांचे आजोळ नॉर्वेच्या किनारपट्टीकडचे, घर फिनलंडमध्ये, आणि जन्मगाव स्वीडनच्या सीमेला लागून. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी नॉर्वेमध्ये काढली. ते ज्या देशाचे नाव घेत तो देश नकाशावर वेगळ्या रंगात दाखवला जात नाही. त्याचे नाव साप्मी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प या चार राज्यांत विभागलेली ही सामी लोकांची भूमी. सामींची एकूण संख्या ८०,००० च्या आसपास मानली जाते. त्यांच्या आज नऊ भाषा जिवंत आहेत आणि त्यांतली सर्वांत मोठी, म्हणजे वाल्केआपांची उत्तर सामी, बोलणारे लोक वीस-पंचवीस हजारांच्या घरात आहेत. बाहेरचे लोक पूर्वी त्यांना ‘लॅप’ म्हणत. हा शब्द आता अवमानकारक समजला जातो.

राज्यांच्या सीमा या समाजाच्या मध्यातून गेल्या, हे वाल्केआपांच्या चरित्राचे पहिले प्रकरण म्हणावे लागेल. रेनडियरांचे कळप हिवाळ्यात आतल्या पठारांवर आणि उन्हाळ्यात समुद्राकडे जात. त्यांच्यामागे माणसे जात. १८५२ साली रशियाच्या ताब्यातील फिनलंड आणि नॉर्वे यांच्यातील सीमा कळपांसाठी बंद झाली. १८८९ साली फिनलंड आणि स्वीडन यांच्यातीलही. शतकानुशतकांच्या वाटा एकाएकी बेकायदा ठरल्या. काही कुटुंबांनी नागरिकत्व बदलले, काहींनी मुलूख बदलला. एकोणिसाव्या शतकातील या निर्णयांचे परिणाम विसाव्या शतकात जन्मलेल्या पिढीलाही भोगावे लागले.

वाल्केआपांचा जन्म एनोनतेकिओ परगण्यातील पालोयोएनसू या गावी रेनडियर पाळणाऱ्या कुटुंबात झाला. ते दीड वर्षाचे असताना लॅपलंडचे युद्ध सुरू झाले. १९४४ च्या शरद ऋतूत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उत्तर फिनलंडमधील गावेच्या गावे जाळली आणि तिथल्या रहिवाशांना आधीच दूर हलवावे लागले होते. युद्धानंतर उभे राहिलेले लॅपलंड पूर्वीचे नव्हते. रस्ते आले, प्रशासन आले आणि शाळा आल्या. शाळेची भाषा फिनिश होती. घरी सामी बोलणारे मूल शाळेच्या उंबऱ्यावर आपली भाषा ठेवून आत जाई. वाल्केआपांच्या पिढीतील अनेकांना मातृभाषा बोलता येत असे, पण लिहिता येत नसे. ती त्यांना प्रौढपणी शिकावी लागली. त्यांनी केमियार्वी येथील अध्यापक विद्यालयातून १९६६ मध्ये शिक्षकाची पदवी घेतली. मात्र तो पेशा त्यांनी पत्करला नाही.

कळपामागे जाणे हा घरचा व्यवसाय होता. तोही त्यांनी स्वीकारला नाही. जनावर मारणे त्यांच्याने होत नसे, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. रेनडियर पाळणाऱ्याच्या मुलाची ही अडचण लहान नव्हे. जो कापू शकत नाही, तो त्या जीवनात फार काळ टिकत नाही. कळप आणि शाळा या दोन्ही वाटा सोडून त्यांनी जी तिसरी वाट धरली, ती तोवर कोणी चाललेले नव्हते. आणि तिची सुरुवात कवितेने नव्हे, गाण्याने झाली.

सामींच्या पारंपरिक गायनाला योइक म्हणतात. आपल्याकडील गीतप्रकारांच्या कल्पनेने त्याच्याकडे पाहिले तर घोटाळा होतो. योइक एखाद्या व्यक्तीविषयी, प्राण्याविषयी किंवा डोंगराविषयी गायला जात नाही. ती व्यक्ती, तो प्राणी, तो डोंगरच गायला जातो. शब्द थोडे असतात, कधी नसतातही. निश्चित आरंभ आणि निश्चित शेवट नसतो. गाणारा मध्येच सुरू करतो, मध्येच थांबतो. एखाद्याला त्याचा योइक दिला जातो आणि मग तो योइक त्याचा होतो, करणाऱ्याचा राहत नाही. दूर गेलेल्या माणसाचा योइक गाणे म्हणजे त्याला समोर आणून बसवणे.

सतराव्या शतकात मिशनरी आणि न्यायासने यांनी या परंपरेवर आघात केला. सामी पुरोहितांचे ढोल जप्त झाले, जाळले गेले. उरलेले युरोपभरच्या संग्रहालयांत विखुरले. १६९३ साली स्वीडनमधील आर्येप्लोग येथे लार्स निल्सन या वृद्ध सामीला त्याच्या ढोलासह आणि देवमूर्तींसह जाळण्यात आले. एकोणिसाव्या शतकातील लेस्ताडियसपंथी धर्मजागरणाने योइकवर पापाचा शिक्का पक्का केला. ढोलाचा आवाज बंद करणारे बाहेरचे होते. योइकबद्दल शरम बाळगणारे मात्र आता घरातलेच होते. वाल्केआपांच्या बालपणी शाळेत योइक गाणे निषिद्ध आणि चारचौघांत गाणे लाजिरवाणे समजले जाई.

१९६८ मध्ये त्यांची ‘योइकुया’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. गिटारची साथ, निसर्गातले आवाज आणि योइक, असा तो मेळ होता. आधुनिक योइकची सुरुवात या ध्वनिमुद्रिकेपासून मानली जाते. तिच्यावर दोन्हीकडून टीका झाली. श्रद्धाळूंना पाप पुन्हा जागे झालेले दिसले आणि परंपरावाद्यांना गिटार खुपली. तरुणांना मात्र तिच्यात वेगळेच काही ऐकू आले. जे आजवर लपवायचे होते ते तबकडीवर छापून दुकानात विकायला आले होते. पुढे जाझ सॅक्सोफोनवादक सेप्पो पाक्कुनाइनेन यांच्यासह त्यांनी अनेक वर्षे काम केले. योइक आणि वाद्यवृंद एकत्र आणणाऱ्या रचनाही त्यातून झाल्या. ‘सामी एआटनान दुओद्दारीद’ हा त्यांचा योइक आज सामी समाजात जवळजवळ राष्ट्रगीतासारखा गायला जातो.

१९७१ साली त्यांनी ‘तेर्वेइसिया लापिस्ता’, म्हणजे ‘लॅपलंडहून नमस्कार’, हे छोटे पुस्तक लिहिले. ते जाणीवपूर्वक फिनिशमध्ये होते, कारण ते ज्यांना उद्देशून होते त्यांना सामी येत नव्हती. पर्यटकांसाठी खोटे सामी पोशाख घालून उभे राहणारे लोक, ‘मरू घातलेल्या’ संस्कृतीवर आगाऊ शोक करणारे विद्वान आणि आपल्याच देशबांधवांना निसर्गदृश्याचा भाग समजणारे अधिकारी या सर्वांची त्यात उपरोधाने हजेरी घेतली आहे. १९८३ मध्ये या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद लंडनहून प्रसिद्ध झाला. आदिवासी प्रश्नांवरच्या आजच्या लेखनाची सवय असलेल्याला त्यातले मुद्दे ओळखीचे वाटतील. पण १९७१ साली उत्तर युरोपात ते ओळखीचे नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

चळवळीतील त्यांचे काम याच दशकातले. १९७५ मध्ये कॅनडातील पोर्ट आल्बर्नी येथे जागतिक आदिवासी परिषद स्थापन झाली, तेव्हा सामी प्रतिनिधींमध्ये ते होते आणि तिथे त्यांनी योइक गायला. १९७८ ते १९८१ या काळात त्यांनी या परिषदेचे सांस्कृतिक समन्वयक म्हणून काम पाहिले. १९७९ च्या उन्हाळ्यात स्वीडनमधील कारेसुआंदो येथे भरलेल्या ‘दाव्वी शुव्वा’ या आदिवासी कलामहोत्सवामागेही त्यांचा पुढाकार होता. त्याच सुमारास नॉर्वेमध्ये आल्टा नदीवरील धरणाविरुद्ध सामींचे आंदोलन पेटले. धरण झालेच, पण नॉर्वेच्या राजकारणाला सामींची दखल घ्यावी लागली आणि १९८९ मध्ये तेथे सामी संसद अस्तित्वात आली.

आता कवितेकडे. उत्तर सामीत छापील ललित साहित्य तेव्हा तुरळकच होते. एका सामी माणसाने सामी भाषेत लिहिलेले पहिले धर्मेतर पुस्तक, योहान तुरी यांचे ‘मुइतालुस सामीद बिर्रा’, १९१० मध्ये आले होते. तीनही देशांना चालेल अशी उत्तर सामीची एकच लेखनपद्धती १९७९ पर्यंत ठरलेली नव्हती. वाल्केआपांचा पहिला संग्रह १९७४ मध्ये निघाला, म्हणजे कवी लिहू लागला तेव्हा त्याच्या भाषेचे शुद्धलेखन अजून निश्चित व्हायचे होते. १९७६ आणि १९८१ मध्ये आणखी दोन संग्रह आले आणि १९८५ मध्ये हे तिन्ही ‘रुओक्तु वाय्मुस’, म्हणजे ‘हृदयातले घर’, या एका ग्रंथात एकत्र झाले. घर म्हणजे चार भिंती नव्हेत. ज्याला कळपामागे हिंडायचे आहे त्याला घर बरोबर न्यावे लागते, ही त्या ग्रंथामागची धारणा. परदेशी स्थायिक झालेल्या वाचकाला ही कल्पना परिचित वाटण्याचा संभव आहे. मात्र एक फरक आहे. आपण घर सोडून आलो. सामी आपल्या घरातच होते आणि सीमा त्यांच्यावर येऊन पडल्या.

दुसऱ्या संग्रहाच्या शीर्षकात एक पक्षी आहे. गळ्यावर निळा पट्टा असलेला, चिमणीएवढा, दुसऱ्यांच्या आवाजाची नक्कल करण्यात पटाईत. सामीत त्याला घंटेचा पक्षी म्हणतात. उत्तर स्कँडिनेव्हियात वीण करणारे हे पक्षी हिवाळ्यात भारतीय उपखंडात उतरतात. वाल्केआपांना त्यांच्या कवितेत बोलावण्याची गरज नव्हती, ते अंगणातच होते. पण जाता जाता नोंदवायला हरकत नाही की, साप्मीचा हा गवई वर्षातले काही महिने आपल्या बाजूच्या ओढ्यांकाठच्या झुडपांत असतो.

चित्रकला त्यांनी कवितेपासून कधी वेगळी ठेवली नाही. स्वतःच्या पुस्तकांची चित्रे, मुखपृष्ठे आणि मांडणी ते स्वतः करत. पृष्ठावर शब्द कुठे उभा राहतो आणि त्याच्याभोवती किती कोरी जागा आहे, हा त्यांच्या लेखी अर्थाचाच भाग होता. सूर्य, पक्षी, रेनडियर, जुन्या ढोलांवरील आकृत्या ही त्यांची पुन्हापुन्हा येणारी चित्रसामग्री. संग्रहालयांच्या कपाटांत गेलेल्या ढोलांवरची चिन्हे त्यांनी कागदावर आणि कॅनव्हासवर परत आणली. साहित्य, संगीत, चित्र अशी विभागणी त्यांना आपल्या परंपरेला परकी वाटे. सामी संस्कृतीत ‘कला’ असा वेगळा कप्पा नव्हता. जगण्याच्या वस्तूच देखण्या केल्या जात.

या सर्व धाग्यांची गाठ ‘बेआइवि, आहचाजान’ (‘सूर्य, माझा पिता’) या १९८८ च्या ग्रंथात पडली. सामी स्वतःला सूर्याची लेकरे मानतात. शीर्षक त्या पुराणकथेवरून आले आहे. ग्रंथात क्रमांक दिलेल्या कविता आहेत, ५७१ पर्यंत. त्यांत मौन बाळगणारी पानेही आहेत, आणि शेकडो जुनी छायाचित्रे आहेत. ही छायाचित्रे वाल्केआपांनी कित्येक वर्षे खपून युरोपातील आणि युरोपाबाहेरील संग्रहांतून शोधून काढली.

ती काढली कोणी होती, हे कळल्याशिवाय या श्रमाचा अर्थ कळत नाही. १८८४ मध्ये फ्रान्सचे राजपुत्र रोलाँ बोनापार्त यांनी सामी प्रदेशात मोहीम नेऊन माणसांची समोरून आणि बाजूने छायाचित्रे घेतली, डोकी मोजली. १९२२ मध्ये स्वीडनने उप्साला येथे वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था स्थापन केली आणि तिने सामींची अशीच मोजदाद केली. अशा संग्रहांत चेहऱ्याला नमुना क्रमांक असे. माणूस म्हणून नाते नसे. वाल्केआपांनी अशी चित्रे प्रवासी, धर्मोपदेशक आणि हौशी छायाचित्रकारांच्या चित्रांसह आपल्या कवितांमध्ये बसवली. सामी वाचक ते पुस्तक उघडतो तेव्हा त्याला नमुने दिसत नाहीत. पणजी दिसते, चुलत आजोबा दिसतात, कुणाच्या तरी घरातले नाक-डोळे दिसतात. विज्ञानाच्या नावाखाली नेलेले चेहरे कुटुंबाच्या आल्बममध्ये परत आले.

आणि मग त्यांनी एक निर्णय घेतला, जो या ग्रंथाइतकाच महत्त्वाचा आहे. अनुवाद करू दिले. पण छायाचित्रे अनुवादांत घालू दिली नाहीत. स्वीडिश, नॉर्वेजियन, फिनिश, इंग्रजी या भाषांत हे पुस्तक वाचणाऱ्याला केवळ कविता मिळतात. १९९७ च्या इंग्रजी आवृत्तीतही तसेच आहे. संपूर्ण ग्रंथ केवळ सामी आवृत्तीत आहे. त्याचे स्पष्टीकरण अवघड नाही. हे चेहरे एकदा परक्यांसमोर मांडून झाले होते.

दुसरी अट भाषेनेच घातली. २७२ क्रमांकाची कविता म्हणजे स्थलांतर करणारा रेनडियरांचा कळप आहे. वाक्ये नाहीत. रेनडियरांची नावे आणि आवाज पानावर पसरलेले आहेत आणि कळप पुढे सरकतो तसे शब्द सरकतात. इंग्रजी अनुवादकांनी ही कविता अनुवादित न करता सामीतच ठेवली. सामीत पहिल्या वर्षाच्या पाडसाला ‘मीएस्सी’ म्हणतात, गाभण मादीला ‘चोआव्येत’, पिल्लू असलेल्या मादीला ‘आल्डु’, भाकड मादीला ‘रोत्नु’, खच्ची करून ओढकामाला लावलेल्या नराला ‘हेआर्गी’. रंग, शिंगांची ठेवण आणि स्वभाव यांवरून आणखी कितीतरी. इंग्रजी इथे अडते. मराठी तितकी अडली नसती असे वाटते. गाभण आणि भाकड हे शब्द आपल्याजवळ तयार आहेत. कालवड, पारडी, गोऱ्हा, खोंड, बैल हेही. अर्थात हे शब्द नांगराच्या आणि गोठ्याच्या संस्कृतीतले आहेत, टुंड्राच्या नव्हेत. आणि शहरात किंवा परदेशात वाढलेल्या मराठी मुलांपैकी किती जण कालवड आणि खोंड यांतला फरक सांगू शकतील, हा प्रश्न उरतोच. सामी वाचकांपैकीही ज्यांच्या घरात आता कळप नाही त्यांना ही कविता पूर्णपणे उमगत नाही. ती त्यांना शिकावी लागते.

१९९१ मध्ये या ग्रंथाला नॉर्डिक परिषदेचा साहित्य पुरस्कार मिळाला. या पुरस्कारासाठी देशांप्रमाणेच सामी, फेरो आणि ग्रीनलंड या भाषाक्षेत्रांनाही स्वतंत्र नामांकन करता येते. वाल्केआपांचे नामांकन सामी भाषेकडून होते, फिनलंडकडून नव्हे. सुरुवातीला उल्लेख केलेल्या त्या ग्रंथालयीन नोंदीला हे पुरेसे उत्तर आहे.

नव्वदच्या दशकात त्यांचे नाव साहित्यवर्तुळाबाहेरही पोहोचले होते. नील्स गाउप यांच्या ‘ओफेलाश’ (१९८७) या पहिल्या सामी कथापटात त्यांनी भूमिका केली होती आणि संगीतातही त्यांचा वाटा होता. या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. पक्ष्यांचे आवाज, पाणी, वारा आणि योइक यांतून रचलेल्या ‘गोआसे दुश्शे’ या ‘पक्षी-सिंफनी’ला १९९३ मध्ये प्री इतालिया स्पर्धेत गौरव मिळाला. १२ फेब्रुवारी १९९४ रोजी लिलेहामर येथील हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात त्यांनी बर्फावर उभे राहून योइक गायला. शाळेत ज्याला मज्जाव होता ते गाणे आता नॉर्वेचे राज्य जगाला आपले म्हणून दाखवत होते. या प्रसंगाकडे विजय म्हणून पाहावे की सजावट म्हणून, याबद्दल मतभेद होऊ शकतात. ‘लॅपलंडहून नमस्कार’च्या लेखकाला ही दुसरी शक्यता दिसली नसेल असे मानणे कठीण आहे, तरीही तो गेला आणि गायला. योइक ऐकला जाणे ही त्याच्या दृष्टीने अधिक मोठी गोष्ट असावी.

१९९६ मध्ये झालेल्या मोटार अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि दीर्घकाळ त्यातून सावरत होते. याच काळात त्यांनी नॉर्वेमधील शिबोटन येथे, फ्योर्डच्या काठी, ‘लास्सागाम्मी’ हे घर बांधले. २००१ मध्ये ‘एआन्नी, एआन्नाजान’ (‘पृथ्वी, माझी आई’) हा पित्याच्या ग्रंथाला जोड देणारा ग्रंथ आला; यात सामींच्या पलीकडे जाऊन जगातील इतर आदिवासी समाजांना कवेत घेतले आहे. जपानशी त्यांचा काही वर्षांचा संबंध होता. नो रंगभूमीच्या प्रभावाखाली लिहिलेले त्यांचे नाटक १९९५ मध्ये तिथे सादर झाले होते. २००१ च्या नोव्हेंबरात जपानहून परतत असताना हेलसिंकीजवळील एस्पो येथे त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. औलू आणि लॅपलंड या दोन्ही विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली होती.

त्यांच्या पुस्तकांचे आणि ध्वनिमुद्रिकांचे प्रकाशन ‘दात’ ही सामी प्रकाशनसंस्था करते. तिच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता. २०२० मध्ये ऑस्लोजवळील हेनी ओन्स्ताद कलाकेंद्रात त्यांच्या चित्रांचे आणि एकूण कलाकृतींचे मोठे प्रदर्शन भरले; चित्रकार म्हणून त्यांचा स्वतंत्र विचार खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू झाला आहे. लास्सागाम्मी आता एका प्रतिष्ठानकडे आहे. कलावंत आणि अभ्यासक तिथे काही काळ राहून काम करू शकतात, आणि त्यासाठी सामी असण्याची अट नाही.